प्रेताचं नाक

१

शुक्रवारी सकाळी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आजी, काय सुंदर मेलात हो तुम्ही. मला अगदी भरून आलं."

तिच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये मी. दवाखान्यातल्या टेबलावर, पांढऱ्या चादरीखाली, डोळे मिटून पडलेली.

त्याचं असं झालं, माझ्या नातीने सिनेमा काढला. मोठा वगैरे नाही, आपल्या ऐपतीतला. त्यात सुरुवातीलाच एक म्हातारी मरते आणि पुढे शेवटपर्यंत तिला कोणी मारलं ते शोधत बसतात. मरायला नटी परवडेना म्हणून मला घेतलं. मी असा श्वास रोखला, असा रोखला, की ज्यांचा दवाखाना भाड्याने घेतला होता ते डॉक्टर धावत आले, माझी नाडी बघितली आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. खोटं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा. ते परदेशात असतात.

पण सिनेमा थेटरात लागणार होता त्याच दिवशी दुपारी. आणि ही बाई सकाळी तोंड धुवायच्या आत तो बघून बसलेली.

"कुठे मिळाला तुला?" मी विचारलं.

"बिल्डिंगच्या ग्रुपवर आलाय की. सगळ्यांनी पाहिला. फुकट." फुकट हा शब्द ती अशी म्हणाली, जसं काही शाळेत पहिला नंबर आलाय. दोरीवरचा एक चिमटा हरवला तर हीच बाई अख्ख्या बिल्डिंगची झडती घेते. "फक्त एक सांगू का आजी? मेल्यावर तुमचं नाक हललं बघा."

"माशी बसली होती."

"तेवढं सोडलं तर छानच. सांगा हं नातीला, शेजारच्या काकूंना आवडला म्हणून."

नात आत झोपली होती. कित्येक महिन्यांनी नीट झोपली होती. मी तिला उठवलं नाही. पहिल्या दिवशीच तिच्या घरात चोरी झाली हे तिला सांगायचं कसं, तेच मला कळेना. बरं, चोरीचा माल घेऊन आलेली बाई वर शाबासकी देऊन गेली होती.

२

थेटर जुनं, एका पडद्याचं. लाल रेक्झिनच्या खुर्च्या, भिंतीला जाड पडदे, बाहेर तिकिटाची खिडकी. खिडकीत ताई बसते. केबिनमध्ये तिचा धाकटा भाऊ, त्याला सगळे मालक म्हणतात. तसं थेटर दोघांचं. पण मालक म्हणवून घ्यायची हौस एकालाच.

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा मालक व्हरांड्यात हात चोळत उभा. एक माणूस टेप लावून भिंती मोजत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"रंग काढायचाय आजी," मालक म्हणाला, आणि लगेच चेहरा लांब केला. "तुम्हाला कळलंच असेल. लुटलं हो आपल्याला. मोबाईलवर आला सिनेमा, आता इथे कोण येणार? तुमच्या नातीसाठी माझा जीव तुटतो. पण रविवारचा खेळ रिकामा गेला तर सोमवारी उतरवावा लागेल. माझा नाइलाज आहे."

एवढा जीव तुटत असून त्याने दुपारचं झोपून भांग नीट पाडला होता.

नातीला तिथेच कळलं. भिंतीवर तिने स्वतः चिकटवलेलं पोस्टर होतं, त्याचा सुटलेला कोपरा ती अंगठ्याने दाबत राहिली.

मी खिडकीपाशी गेले. ताई म्हणाली, "पोरीला सांगा, मी आहे तोवर धीर धर. वडील गेले तेव्हाच आम्हा भावंडांचं ठरलं. लोक येतात तोवर थेटर चालवायचं. यायचे बंद झाले की विकून मोकळं व्हायचं. मी अजून विकू दिलेलं नाही. पण या वर्षी जो छोटा सिनेमा लावावा तो आधीच मोबाईलवर. मोठ्यांचं काही बिघडत नाही. चोरी होऊनसुद्धा रांग लागते. छोटा तेवढा मरतो."

मग आम्ही आत बसलो. एवढ्या मोठ्या थेटरात माणसं अशी विखुरलेली, जशी काही एकमेकांशी भांडून बसलीत. एका खुर्चीवर 'समीक्षकांसाठी राखीव' असा कागद होता. समीक्षक आलेच नाहीत, म्हणून मी तिथे माझी पिशवी ठेवली.

सिनेमा सुरू झाला. दवाखाना आला. टेबल आलं. पांढरी चादर आली. आणि चादरीच्या टोकाला दोन तळवे.

नुसते तळवे. कॅमेरा तळव्यांवरून गेला तो थेट खिडकीबाहेर.

मी नातीच्या दंडाला चिमटा काढला. "माझं तोंड कुठे गेलं?"

३

"आजी, तुझं नाक हललं होतं," ती कुजबुजली. "मला अगदी शेवटी दिसलं. मग मी तो तुकडाच काढला आणि पायांवर भागवलं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

वाईट वाटलंच. खऱ्या सिनेमात माझे तळवे, आणि चोरीच्या सिनेमात माझा चेहरा. सगळ्या बिल्डिंगला मी आवडले होते ती चोरीची मी.

पण रागाच्या भरातसुद्धा डोकं चालतं माझं. "थांब. तोंडवाला सिनेमा कोणाकोणाकडे होता?"

"कच्ची प्रत? ती दोघांनाच दिली. हिरोला, कारण तो मागे लागला होता. आणि थेटरच्या मालकांना, पसंतीसाठी. दोन्ही प्रती कुलूपबंद होत्या. लावून बघता येतात, उतरवून घेता येत नाहीत. मघाशी मोबाईलवर बघितलं मी, चोराने पडद्यासमोर मोबाईल ठेवून शूट केलंय."

"आणि पक्की प्रत?"

"ती काल संध्याकाळी इथे पोचली. काल संध्याकाळपासून तो ग्रुपवर फिरतोय."

म्हणजे चोर दोघांतलाच. एक जण सिनेमातला हिरो. दुसरा स्वतःच्याच थेटरचं नुकसान करून घेणारा माणूस. आता स्वतःच्या घराला आग कोण लावेल? नातीने हिरोचं नाव घेतलं आणि ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात पडद्यावर इन्स्पेक्टरने दाराच्या कडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आत कोणीतरी आहे." आणि भक्कन दिवे लागले. इंटरव्हल.

"मी इंटरव्हल ठेवलाच नव्हता," नात म्हणाली. "यांनी आपल्या मनाने कापला. पॉपकॉर्न खपायला हवा ना."

इंटरव्हल संपला, अंधार झाला. इन्स्पेक्टरने पुन्हा कडीवर हात ठेवला. पुन्हा म्हणाला, "आत कोणीतरी आहे."

"हा बहिरा आहे का? एकदा सांगून झालं की," मी म्हणाले.

मागे ताई दाराशी बॅटरी घेऊन उभी होती. ती हसली. "धाकट्याची सवय आहे ती. इंटरव्हलनंतर जरा मागून लावतो. लोक सावकाश येतात, त्यांचा धागा तुटू नये म्हणून. बाबांनी शिकवलं होतं. ऑपरेटरला काढल्यापासून तोच लावतो मशीन. हात आपोआप जातो त्याचा."

मी तिला सांगितलं की माझ्या लहानपणी आमच्याकडच्या थेटरात पडद्यावरचा घोडा इंटरव्हलमध्ये खाली उतरून दारवानाची टोपी खायचा. तिने मान डोलावली. चांगल्या वळणाची बाई.

४

शनिवारी सकाळी मी हिरोच्या घरी गेले. दारापासून मोरीपर्यंत भिंतीवर त्याचेच फोटो. आरशालासुद्धा जागा उरली नव्हती, आणि गरजही नव्हती.

"आजी, बसा ना," तो म्हणाला. "काय योगायोग बघा, माझे फॉलोअर एका रात्रीत दुप्पट झाले."

"चोरीच्या सिनेमामुळे."

"असं कसं म्हणता? लोकांपर्यंत पोहोचलो ना आपण. कला पोहोचणं महत्त्वाचं." तो खुर्चीत मागे रेलला. "आमच्या घरच्या सगळ्यांनी बघितला. सासूबाईंनी तर दोनदा."

"थेटरात?"

"मोबाईलवर."

"म्हणजे तुझ्या सासूबाईंनीसुद्धा तुझ्यासाठी तिकीट काढलं नाही."

त्याला ते लागलं. थोडा वेळ त्याने कॉलर नीट केली. मग मी सरळ विचारलं, "कच्ची प्रत तुझ्याकडे होती. बघितलीस?"

"बघितली म्हणजे, मी जिथे आहे तिथे बघितली. बाकी पुढे सरकवलं."

"माझं प्रेत कसं वाटलं?"

"प्रेताच्या सीनमध्ये मी नाहीये ना आजी," तो जरा लाजून म्हणाला. "पण पाय छान आले होते, असं ऐकलं."

पाय. ते फक्त पक्क्या प्रतीत. नातीने रात्री फोनवर सांगितलं असणार त्याला. ज्याने कच्ची प्रत पूर्ण चालवून शूट केली असती त्याला माझं तोंड पाठ झालं असतं. तरीही मी मनात त्याच्या नावावर काट मारली नाही. कारण हा नट आहे, आणि बावळटाचं काम तर तो पैसे न घेताही करतो.

निघताना त्याने वर्तमानपत्र पुढे केलं. "हे वाचलंत? समीक्षकांनी डोक्यावर घेतलंय. मला जरा कमी, तुम्हाला जास्त."

मी चष्मा लावला आणि वाचलं. वाचून मला घाम फुटला.

५

समीक्षकाने लिहिलं होतं: 'प्रेताच्या नाकाची ती सूक्ष्म थरथर म्हणजे समाजाच्या मेलेल्या विवेकाचा शेवटचा श्वास होय.'

माशी होती. एक साधी माशी.

आणि त्याखाली: 'बंद दारापाशी तेच वाक्य लागोपाठ दोनदा उच्चारून दिग्दर्शिकेने प्रेक्षकाच्या बधिर कानांवर जणू थाप मारली आहे.'

हा मनुष्य थेटरात आला नव्हता. त्याच्या खुर्चीत माझी पिशवी बसली होती. मी तडक त्याच्याकडे गेले. तो हॉलमध्ये पाय गरम पाण्यात सोडून बसला होता आणि समोर मोबाईल उभा केलेला.

"कोणाकडून मिळाली तुम्हाला कच्ची प्रत?" मी विचारलं.

"कसली कच्ची प्रत?"

"जिच्यात माझं नाक हलतं ती. थेटरात माझे नुसते पाय आहेत."

तो मोबाईलकडे बघायला लागला, मग पायांकडे. "म्हणजे, अहो, मला एका मित्राने लिंक पाठवली. ट्रॅफिक फार असतो हल्ली. शेवटी आशय महत्त्वाचा."

"अहो, तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती तिने. तिकीटसुद्धा काढायचं नव्हतं तुम्हाला."

"मी चांगलंच लिहिलंय की," तो म्हणाला. शेजारीणही हेच म्हणाली होती. या लोकांना वाटतं, आपण कौतुक केलं की झाली भरपाई.

चोर तो नव्हता. चोराचं उष्टं खाणारा होता. पण ते दोनदाचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन नातीला विचारलं, "तू इन्स्पेक्टरला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलंस?"

"छे. एकदाच आहे. कच्च्यातही आणि पक्क्यातही."

मी शेजारणीकडे गेले. तिच्या मोबाईलवर ती जागा शोधून काढली. कडीवर हात. "आत कोणीतरी आहे." चित्र क्षणभर काळं झालं. पुन्हा कडीवर हात. "आत कोणीतरी आहे."

मी तिथेच तिच्या सोफ्यावर बसले.

"काय झालं आजी?"

"काही नाही. तू बघितलास तो कच्चा माल आहे. अर्धामुर्धा." आणि मग माझ्या तोंडाला कोण आवरणार. "थेटरातल्या सिनेमात शेवटी मी उठते. टेबलावरून उठते आणि खुन्याचं नाव सांगते. लोक किंचाळले काल. एका गृहस्थाचे दात पुढच्या रांगेत जाऊन पडले."

"अगबाई. आणि मोबाईलवर नाहीये ते?"

"फुकटात कोण उठतं?"

शेजारणीला सांगितलं म्हणजे आकाशवाणी झाली. मी निवांत घरी आले. नात अंधारात भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, मला चोराचा राग येत नाही गं," ती म्हणाली. "आपला सिनेमा बघणारी माणसं मुळातच मूठभर. ती सगळी शुक्रवारी सकाळी बघून मोकळी झाली. आता वर फोन करून सांगतात, छान झालाय, पुढचा काढ. कशाने काढू?"

मी म्हणाले, "उद्या थेटरात लवकर जाऊ. चोर सापडलाय."

६

रविवारी खेळाच्या आधी मी मालकाच्या खोलीत शिरले. ताईलाही खिडकी लावून घेऊन बोलावलं. टेपवाला माणूस खुर्चीत बसून चहा पीत होता. मी त्याला विचारलं, "तुमचं रंगाचं दुकान कुठे आहे?"

"रंगाचं नाही आजी, फर्निचरचं," तो भाबडेपणाने म्हणाला. "इथे शोरूम टाकायचा विचार आहे."

मालकाने त्याच्याकडे असं बघितलं की तो कप घेऊनच बाहेर गेला.

"ताई," मी म्हणाले, "मोबाईलवरच्या सिनेमात माझं नाक हलतं. म्हणजे ती कच्ची प्रत. ती हिरोकडे होती आणि तुमच्या भावाकडे. बरोबर?"

"हिरोनेच केलं असणार," मालक म्हणाला. "प्रसिद्धीसाठी काहीही करतील हे लोक."

"हिरोने घरी टीव्हीवर लावला असता तर सलग लावला असता. नाहीतर स्वतःचं तेवढं ठेवून बाकी पुढे सरकवलं असतं. पण चोराने काय केलंय ऐका. इन्स्पेक्टर कडीवर हात ठेवतो, म्हणतो आत कोणीतरी आहे, आणि चोर सिनेमा थांबवतो. नेमका तिथे, जिथे शुक्रवारी इथे इंटरव्हल झाला. माझ्या नातीने तिथे इंटरव्हल ठेवलेला नाही. ती जागा फक्त एका माणसाच्या डोक्यात होती. मग चोर पुन्हा सुरू करतो, पण थांबवला तिथून नाही. जरा मागून. तेच वाक्य परत येतं."

ताईचा चेहरा हळूहळू बदलला. तिने भावाकडे बघितलं नाही. मशीनच्या केबिनकडे बघितलं.

"रिकाम्या थेटरात," मी म्हणाले, "खुर्चीवर मोबाईल उभा करून हे केबिनमध्ये गेले. समोर चिटपाखरू नाही, पॉपकॉर्न घ्यायला कोणी गेलेलं नाही, कोणाचा धागा तुटणार नाही. तरी हात गेला. आधी इंटरव्हलला गेला, मग मागे लावायला गेला. चोरी करतानासुद्धा वडिलांनी शिकवलेलं विसरले नाहीत. तेवढं एकच चांगलं आहे यांच्यात, आणि त्यानेच पकडले गेले."

"मी माझंच थेटर कशाला बुडवीन?" मालक म्हणाला. आवाज चढवायचा होता त्याला, पण चढला नाही.

"कारण भरलेलं थेटर तुझी बहीण विकू देत नाही."

ताईने विचारलं, "मागचे सिनेमेसुद्धा? तो म्हाताऱ्या सुताराचा होता तो? आणि त्या दोन बहिणींचा?"

मालक टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवायला लागला.

"मोठे का नाही टाकलेस?" तिने विचारलं.

"मोठे टाकून काय उपयोग," तो पुटपुटला. "लोक तरी येतातच."

यालाच मी म्हणते हिंमत. वाघाच्या वाटेला जायचं नाही, मांजराची पिल्लं तेवढी पोत्यात भरायची. नात दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "तुम्ही पसंतीचा फोन केलात तेव्हा म्हणाला होतात, तीन वेळा बघितला, इतका आवडला."

"एकदाच बघितला," मालक म्हणाला.

तेही खोटं निघालं.

७

ताई उठली. तिने त्याच्यापुढे हात केला. तो आधी समजला नाही, मग त्याने खिशातून केबिनच्या किल्ल्या काढून दिल्या.

"उठ," ती म्हणाली. "खिडकीत जाऊन बस. मशीन मी लावीन. आजपासून तिकिटं तू फाड. एकेका माणसाचं तोंड बघ आणि फाड."

"कोणाची तोंडं? बाहेर कोण आहे?"

ताईने खोलीच्या खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर रांग होती. शेजारीण होती, तिचा नवरा होता, आमची अख्खी बिल्डिंग होती, बिल्डिंगच्या ग्रुपमधून बातमी ज्या दुसऱ्या ग्रुपांत गेली तिथले लोक होते. हिरोच्या सासूबाई नटून आल्या होत्या. रांगेच्या शेवटी समीक्षक, टोपी पुढे ओढून. सगळे आधीच सिनेमा बघून बसलेले, आणि आता सगळे पैसे काढून उभे.

मालक खिडकीत जाऊन बसला. मी मुद्दाम थोडा वेळ जवळ उभी राहिले. प्रत्येक तिकिटाला त्याचा जीव जात होता. यावेळी खरोखर.

खेळ सुरू झाला तेव्हा मधल्या रांगा गच्च भरल्या होत्या. मी शेजारणीच्या बाजूची खुर्ची धरली. ताईने इंटरव्हल दिलाच नाही. इन्स्पेक्टर एकदाच म्हणाला, आत कोणीतरी आहे, आणि त्याने दार उघडलं, आणि एवढी माणसं एकदम श्वास आत घेतात तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. मोबाईलवर तो ऐकू येत नाही. माझी नात शेवटच्या रांगेत उभी होती. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती लोकांच्या डोक्यांकडे बघत होती.

सिनेमा सोमवारी उतरला नाही, एवढं सांगते.

बाहेर पडताना शेजारणीने मला गाठलं. ती चांगलीच तापली होती. "आजी, तुम्ही उठलाच नाहीत. मी शेवटपर्यंत डोळे ताणून बसले. नुसते पाय दाखवले तुमचे."

"उठले की."

"कधी?"

"अगं, दोन तास तुझ्या शेजारच्या खुर्चीत कोण बसलं होतं?"